कृतीच्या आधी

‘दोन वाट्या ज्वारीचं पीठ घ्यावं.’ भाकरीची कृती सांगणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात पहिलं वाक्य हे असतं आणि माझं भांडण याच वाक्याशी आहे. त्यापुढचं सगळं, म्हणजे पाणी किती, मळायचं कसं, थापायची कशी, अगदी बरोबर लिहिलेलं असतं. पण भाकरी टम्म फुगणार की तिच्या कडेला भेगा पडणार, हे बहुतेक वेळा त्या पहिल्या वाक्यातच ठरून गेलेलं असतं. ज्वारी कुठली होती? दळून किती दिवस झाले? गिरणीत तिच्या आधी कुणाची हरभरा डाळ दळली होती का? पीठ घरी आलं तेव्हा गरम होतं. ते तसंच डब्यात भरून झाकण लावलं की परातीत पसरून निववलं? पुस्तक यातलं काही विचारत नाही. ‘घ्यावं’ म्हणतं आणि पुढे सरकतं.

चटण्यांचंही तेच. ‘एक वाटी भाजलेले शेंगदाणे’ असं लिहून लेखिका मोकळी होते. आता शेंगदाण्याच्या चटणीत चुकण्यासारखं जे काही असतं, ते बहुतेक सगळं त्या ‘भाजलेले’मध्येच असतं. चकली तर ‘चार वाट्या भाजणी’पासून सुरू होते. म्हणजे निम्मं नाटक होऊन गेल्यावर पडदा वर जातो.

या पुस्तकात तीन तऱ्हेचे पदार्थ आहेत: भाकरी आणि तिचं गोत, चटण्या, आणि मधल्या वेळचं खाणं. वरवर पाहिलं तर यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. भाकरी जेवणाचा आधार, चटणी ताटाच्या डाव्या बाजूची, आणि तिसरं तर ताटात नसतंच, ते बशीत येतं. तरी मी तिघांना एकत्र बांधलं आहे, कारण तिघांचंही विस्तवापाशी काम थोडं आणि त्याआधीचं काम पुष्कळ. भाकरी तव्यावर दोन-तीन मिनिटं असते. बऱ्याच चटण्या वाटताना चूल पेटवावीच लागत नाही. थालीपीठ झाकण ठेवून पाच-सात मिनिटांत होतं. खरे कष्ट निवडण्याचे, वाळवण्याचे, भाजण्याचे, दळण्याचे आणि कुटण्याचे. आमटीचं तसं नसतं. आमटी आळणी झाली तर मीठ घाला, आंबट झाली तर गूळ घाला, पातळ झाली तर आणखी उकळा. पातेलं चुलीवर आहे तोवर तडजोडीला जागा असते. तव्यावर पडलेल्या भाकरीशी तडजोड करता येत नाही. म्हणून या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाचा पहिला भाग ‘कृतीच्या आधी’ असा आहे आणि तो कृतीपेक्षा लांब आहे. घाई असलेल्या वाचकांना तो कंटाळवाणा वाटेल. वाटू दे.

जुन्या पुस्तकांनी हे का लिहिलं नाही, याचं उत्तर आळस असं मुळीच नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५चं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र’ आलं आणि त्यात हजार पाककृती होत्या. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं, आणि वाटी-चमच्याच्या मापानं स्वयंपाक शिकलेली एक अख्खी पिढी तयार झाली. परगावी नोकरीला गेलेली मुलं, नव्यानं संसार मांडलेली जोडपी, परदेशी निघालेले विद्यार्थी यांच्या सामानात ‘रुचिरा’ असायचंच. पण या पुस्तकांच्या वाचकांच्या घरात धान्याची कोठी होती, कोपऱ्यावर ओळखीची गिरणी होती, आणि दळण कधी आणलं हे घरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असे, कारण डबा घेऊन रांगेत तोच उभा राहिलेला असे. लेखिकेनं ‘पीठ घ्यावं’ म्हटलं की कुठलं घ्यावं हे वेगळं सांगायची गरज नव्हती. आज बंगळुरूच्या सोसायटीत किंवा न्यू जर्सीतल्या भारतीय दुकानात उभ्या असलेल्या वाचकाच्या हातात पिठाची सीलबंद पिशवी असते. आतलं पीठ कधीचं, हे तिच्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं आणि तेवढंच तो वाचत नाही. जे ज्ञान पूर्वी पुस्तकाबाहेर घराघरांत होतं, ते आता पुस्तकात घ्यावं लागणार, एवढाच याचा अर्थ.

आता भाकरीबद्दल थोडं सविस्तर, कारण पत्रांतून आणि गप्पांतून सर्वांत जास्त प्रश्न तिच्याबद्दल येतात.

गव्हाची कणीक भिजवली की तिच्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून ग्लुटेनची ताणली जाणारी जाळी तयार होते. पोळी पातळ लाटता येते, ओढली तरी तुटत नाही, ती त्या जाळीच्या जोरावर. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत अशी जाळी होत नाही, कितीही मळलं तरी. मग भाकरी एकसंध राहते कशी? पिष्टामुळे. उकळतं पाणी पिठावर पडलं की पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि चिकट होतात. उरलेल्या पिठाला धरून ठेवायचं काम हा चिकटपणा करतो. हे साधारण ७० अंश सेल्सियसच्या आसपास घडतं, म्हणून कोमट पाण्यानं काम भागत नाही. तांदळाच्या पिठाची तर सरळ उकडच काढतात. त्यानंतर मळायचं ते तळहाताच्या टाचेनं रगडून. मऊ झालेलं पिष्ट सगळ्या पिठात नीट पसरलं पाहिजे, एवढाच त्या रगडण्याचा हेतू. ज्यांच्या हातात रोजची भाकरी आहे त्या बायका एका वेळी एका भाकरीपुरतंच पीठ मळतात, कारण मळलेला गोळा वाट पाहत बसला की सैल पडतो आणि थापताना पसरण्याऐवजी फाटतो.

गरम पाणी घेऊनही भाकरी फाटत असेल, तर पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याची ताकद, गेलेली आहे असं समजावं. याचा दोष बहुधा वयाला द्यावा लागतो. अख्ख्या दाण्यात कोंबाजवळचं तेल सालीआड सुरक्षित असतं. दळलं की ते पिठात मिसळतं, त्याला हवा लागते, दाण्यातलीच विकरं त्याचे तुकडे करू लागतात आणि पीठ खवट होतं. ज्वारीत तेलाचं प्रमाण शेकडा तीनच्या आसपास, बाजरीत पाचच्या आसपास. म्हणून बाजरीचं पीठ ज्वारीच्या पुष्कळ आधी कडू लागतं, उन्हाळ्यात तर आठवडाभरसुद्धा धीर धरत नाही. बाजरीच्या भाकरीबद्दल ‘मला ती कडवट लागते, आवडत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांनी ताज्या पिठाची बाजरी कधी खाल्लेलीच नसते, अशी माझी शंका आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. नवी बाजरी घरात, थंडी बाहेर, पीठ कालचं. एवढं सगळं जुळून आल्यावर ती भाकरी बिघडणार कशी?

धान्याचाही वाटा आहे. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी या पट्ट्यातली रब्बी ज्वारी पावसाळा सरता सरता पेरतात. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर ती वाढते आणि दाणा भरतो तो कोरड्या हवेत, म्हणून तो पांढरा, टपोरा, चकचकीत राहतो. मोहोळच्या केंद्रावर निवडलेलं ‘एम ३५-१’ हे मालदांडीचं वाण अजून लोकांच्या तोंडात आहे, आणि मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की काळी पडते. १९६४ साली पहिला संकरित वाण आला, ज्वारीचं उत्पादन वाढलं, हे नाकारता येत नाही. पण ‘हायब्रीड’ हा शब्द गावोगावी चवीच्या तक्रारीसारखा वापरला जाऊ लागला तो तेव्हापासूनच. त्याहून वाईट आठवण १९७२च्या दुष्काळाची. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, रेशनवर मिळाली. तिनं माणसं जगवली. तिची भाकरी मात्र ज्यांनी खाल्ली त्यांच्यापैकी कुणी तिला चांगलं म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

तव्याबद्दल दोनच गोष्टी. भाकरी टाकताना पिठाची बाजू वर येते आणि तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा असतो. या पाण्यानं वरचं कोरडं पीठ बसतं, पृष्ठभाग मऊ राहतो आणि आत कोंडलेल्या वाफेला बाहेर पडायला भेग मिळत नाही. पाणी सुकत आलं की, पण पूर्ण वाळायच्या आत, उलटायची. दुसरी बाजू नीट भाजली की आचेवर धरायची. वाफ वरचा पापुद्रा उचलते. दुसरी गोष्ट परदेशातल्या आणि इंडक्शनवाल्या वाचकांसाठी. विस्तव नसला तरी भाकरी फुगते. तवा सपाट बुडाचा लोखंडी हवा, चांगला तापलेला हवा, आणि शेवटी घडी घातलेल्या फडक्यानं कडेकडेनं हलकं दाबत भाकरी फिरवायची. विस्तवावरचे काळे ठिपके आणि त्यांचा वास मिळणार नाही, पण पापुद्रा सुटेल.

भाकरीचं गोत मोठं आहे. खानदेशात ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून एकत्र दळतात. त्या कळण्याच्या भाकरीला उडदाचा चिकटपणा मिळतो, म्हणून ती थापायला सोपी आणि वांग्याच्या भरताबरोबर खायला अवघड; अवघड अशासाठी की थांबता येत नाही. सोलापूरची कडक भाकरी पापडाइतकी कोरडी करून ठेवलेली असते आणि बरेच दिवस टिकते. मराठवाड्याची धपाटी दह्याबरोबर. कोकणात तांदूळ आणि नाचणी, मालवणाकडे आणि गोव्यात घावणे, आंबोळ्या, पोळे. विदर्भात रोडगे. उपड्या खापरावर भाजलेले खानदेशी-वैदर्भी मांडे हे मात्र वेगळंच प्रकरण. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं ‘मानसोल्लास’ रचला, त्यात मंडक नावाचा पदार्थ आहे आणि तोही गव्हाचा, खापरावरच भाजलेला. आठ-नऊशे वर्षं एक पदार्थ जवळपास त्याच भांड्यावर टिकून राहावा, याचं मला राजांच्या वंशावळींपेक्षा जास्त अप्रूप वाटतं. मांड्यांची कृती मात्र या पुस्तकात नाही. हातावर मांडा मोठा करत नेणं वाचून शिकता येत नाही, आणि वाचकाला तसं भासवणं बरं नाही.

एक सामाजिक बाजूही आहे आणि ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. चटणी-भाकर हे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दुसरं परवडत नव्हतं त्यांचं जेवण होतं. पोळी सणाची, पाहुण्यांची, भाकरी रोजची. १९९५ साली राज्यात सत्तांतर झाल्यावर एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं निघाली, ती गरिबांसाठी म्हणून. आज शहरातल्या बऱ्याच हॉटेलांत भाकरीचा दर चपातीपेक्षा जास्त असतो, आणि २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केल्यापासून तर ज्वारीची बिस्किटंही महाग झालेली दिसतात. भाकरीचा दर जास्त आहे तो योग्यच आहे. तिला हात लागतो, आणि तो हात बहुधा मागच्या बाजूला बसलेल्या एका बाईचा असतो.

त्याच ओघात जात्याबद्दल. या पुस्तकात जात्याचं गुणगान नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वां यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात माहेराची ओढ आहे, विठ्ठल आहे, भाऊ आहे, आणि पहाटेच्या आत उठून दळण संपवायचे अतोनात कष्टही आहेत. जात्याच्या पिठाची चव वर्णन करणाऱ्यांनी त्या ओव्या आधी वाचाव्यात. विजेच्या गिरणीनं बायकांचे खांदे वाचवले. तिनं पीठ थोडं तापतं हे खरं, त्यावर उपाय म्हणजे पसरून निववणं. आता घरगुती छोट्या चक्क्या निघाल्या आहेत. ज्यांना परवडतं आणि आवाज सोसवतो, त्यांनी त्या जरूर घ्याव्यात, कारण किलोभर बाजरी हवी तेव्हा दळता येणं यासारखी भाकरीची दुसरी सोय नाही.

भाजणी ही भाकरी आणि फराळ यांच्या मधली जागा. थालीपिठाची भाजणी, चकलीची भाजणी, उपासाची भाजणी. घराघराचं प्रमाण वेगळं, पण तत्त्व एक: दळायच्या आधी धान्य भाजायचं. का? खमंगपणासाठी, हे तर आहेच. दुसरं कारण टिकण्याचं. भाजल्यानं दाण्यातला ओलावा जातो आणि पीठ खवट करणारी ती विकरं उष्णतेनं निकामी होतात. कच्च्या बाजरीचं पीठ आठवड्यात कडू होतं, आणि त्याच बाजरीची भाजणी कोरड्या डब्यात महिना-दोन महिने चांगली राहते, ती यामुळे. ज्यांना ताजं दळण मिळण्याची सोय नाही, त्यांनी भाकरीचा हट्ट काही दिवस बाजूला ठेवून थालीपिठापासून सुरुवात करावी असं मी सुचवेन. भाजणीत उडीद चिकटपणा देतो, बारीक चिरलेला कांदा पाणी सोडतो, मधोमध भोक पाडून तेल सोडलं की कडा आणि मध्य दोन्ही खरपूस होतात. थालीपीठ दयाळू आहे.

भाजताना एक शिस्त मात्र पाळावी लागते: प्रत्येक धान्य वेगळं. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, ज्वारी, धने यांचे आकार वेगळे, ओलावा वेगळा. एकत्र टाकले तर धने करपतील तेव्हा डाळ कच्चीच असेल. आच मंद. तांदूळ दाताखाली कटकन मोडला पाहिजे, डाळीला गुलाबी छटा आली पाहिजे, धने-जिरे नुसते गरम होऊन वास सुटला की उतरायचे. आणि सगळं पूर्ण गार झाल्यावरच गिरणीत. गरम धान्य झाकून ठेवलं की वाफ धरते, आणि भाजून घालवलेला ओलावा परत येतो.

चकलीत हे सगळं कसाला लागतं. पुस्तकात दिलेलं प्रमाण चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, वर मूठभर पोहे आणि धने-जिरे, हे बऱ्याच घरांत चालत आलेलं आहे. तांदूळ कुरकुरीतपणा देतो, डाळ खमंगपणा, उडीद बांधून ठेवतो. उडीद वाढला की चकली दातांची परीक्षा घेते. मोहन म्हणजे पिठात घातलेलं कडकडीत तेल. ते पिठाच्या कणांना वेढून बसतं आणि त्यांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही, म्हणून चकली खुसखुशीत होते. मोहन कमी पडलं की ती दगड होते; जास्त झालं की कढईत टाकल्या टाकल्या सुटते आणि तेलात नुसता गाळ उरतो. तळणीचं तेल फार तापलेलं असेल तर चकली बाहेरून लाल होते आणि आत ओलावा राहतो, तोच दुसऱ्या दिवशी तिला नरम पाडतो. तेलातले बुडबुडे शांत होत आले म्हणजे ओलावा बाहेर पडला. रंगापेक्षा बुडबुड्यांकडे पाहावं.

मधल्या वेळच्या बाकीच्या पदार्थांची यादी देऊन प्रस्तावना लांबवत नाही. चिवडा, भडंग, कोथिंबीरवडी, दडपे पोहे, तिखटमिठाचा सांजा हे सगळ्यांना ठाऊक आहेत. ज्यांच्याकडे कमी लक्ष जातं अशा दोघांची नावं मुद्दाम घेते. मोकळ भाजणी: उरलेली थालिपिठाची भाजणी, फोडणी, कांदा, थोडं ताक, आणि झाकणाखालची एक वाफ, घरात काही नसताना होणारा पदार्थ. दुसरी मराठवाड्याची सुशीला, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची. मुरमुरे पाण्यातून काढून लगेच घट्ट पिळायचे आणि फोडणीत टाकायचे. पोह्यांसारखे भिजत ठेवले तर लगदा होतो. शिळ्या पोळीला फोडणी देऊन तिला माणिकपैंजण असं दागिन्यांचं नाव देणाऱ्या अज्ञात गृहिणीची विनोदबुद्धी मला फार आवडते, म्हणून तीही कृती घेतली आहे, जरी ती कुणाला शिकवावी लागत नाही.

राहिल्या चटण्या. सोलापूरची शेंगदाण्याची चटणी मुळात कुटायची. उखळात मुसळाचा घाव दाण्याला चिरडतो, तेल बाहेर पडतं आणि तिखट, लसूण, मीठ त्या तेलात बसतं. चटणी ओलसर, दडदडीत होते, मुठीत दाबली तर गोळा धरते. मिक्सरचं पातं दाणा कापतं. आधी त्याची कोरडी पूड होते, आणि आणखी फिरवलं की भांडं तापून एकदम लोणी. मधली जी जागा चटणीची, ती मिक्सर धडाधड ओलांडून जातो. म्हणून दाणे पूर्ण गार झालेले घ्यावेत, भांडं अर्ध्यापेक्षा कमी भरावं, एकेक झटका देऊन थांबावं, चमच्यानं खालवर करावं. लसूण सगळ्यात शेवटी. पाटा-वरवंटा किंवा खलबत्ता असेल तर लसूण त्यातच ठेचावी. तिची पाकळी चिरडली गेली की पेशींमध्ये वेगवेगळे कोंडलेले दोन घटक एकत्र येतात आणि तो उग्र वास जन्माला येतो. नीट चिरडली नाही तर तो अर्धवट राहतो. ठेच्याचं आणि कोल्हापूरच्या खर्ड्याचं गणितही असंच. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून ठेच्यावर कच्चं तेल घेतात, आणि जीभ भाजल्यावर पाण्याचा तांब्या उपयोगाचा ठरत नाही, दही ठरतं.

अस्सलपणाचा फार आग्रह धरणाऱ्यांसाठी एक आठवण: मिरची आणि भुईमूग दोन्ही अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आले. त्याआधी तिखटाला मिरी होती, पिंपळी होती, आलं होतं. ज्वारी आणि बाजरी आफ्रिकेतल्या. त्या मात्र काही हजार वर्षांपूर्वीच येऊन इथल्या झाल्या.

तेलबियांच्या चटण्यांना पिठाचाच नियम लागतो. जवस अख्खा खाल्ला तर बराचसा न पचता निघून जातो, म्हणून भाजून कुटायचा. पण त्यातलं तेल हवेनं फार लवकर बिघडतं, तेव्हा जवसाची चटणी आठवड्यापुरतीच करावी आणि बिया अख्ख्याच साठवाव्यात. कारळं भाजताना ती तडतडून हलकी होतात, तिथेच थांबायचं; रंगानं मुळात काळी असल्यामुळे करपलेली डोळ्यांना कळत नाहीत, जिभेला कळतात. तिळाचं उलट, रंग सगळं सांगतो. सुक्या खोबऱ्याला खवट वास येत असेल तर कितीही लसूण घालून तो झाकत नाही. दोडक्याच्या शिरा आणि भोपळ्याच्या साली यांच्या चटण्या काटकसरीतून आल्या असतील. मला त्या दोडक्याच्या भाजीपेक्षा सरस वाटतात, आणि शिरांसाठी दोडका आणायचा हा उलटा व्यवहार माझ्या घरी सर्रास चालतो. ओल्या चटण्या ऋतूंना बांधलेल्या आहेत: चैत्राची आंबेडाळ, महाशिवरात्रीची कवठाची चटणी. त्या मी ऋतूंच्या क्रमानंच दिल्या आहेत. कवठ जानेवारीत शोधावं, ऑगस्टमध्ये शोधून चिडू नये.

मापांबद्दल थोडंसं. या पुस्तकात वाटी म्हणजे १५० मिलिलिटरची, सपाट भरलेली. पिठांना आणि भाजणीला ते माप चालतं. भाकरीच्या पाण्याला मात्र मी ‘सुमारे’ हा शब्द जागोजागी लावला आहे, कारण नव्या आणि जुन्या ज्वारीचं पीठ सारखं पाणी पीत नाही. नवीन दळण आणलं की आधी एकाच भाकरीचं पीठ भिजवून पाहावं. कड चिरली तर पुढच्या गोळ्याला पाणी अधिक कढत घ्यावं. तरीही चिरली तर त्या पिठाची थालिपिठं करावीत आणि पुढच्या वेळी दळण कमी आणावं.

प्रकरणांचा क्रम धान्य, भाकरी, कोरड्या चटण्या, ओल्या चटण्या, थालीपीठ, फराळ असा आहे. चकली सगळ्यात शेवटी ठेवली, कारण तिथवर येईपर्यंत भाजण्याचा हात बसलेला असतो. दिवाळी तोंडावर आली असताना ज्यांच्या हाती हे पुस्तक पडेल त्यांनी थेट तिकडे जायला हरकत नाही. फक्त तांदूळ धुऊन सावलीत वाळवायला एक अख्खा दिवस लागतो, आणि दिवाळीच्या आठवड्यात गिरणीवर रांग असते.